पिरेयसहून बोटीने ग्रीक बेटांवर : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

पिरेयसला अनेकांची बोट चुकते ती बंदरात वेळेवर पोहोचूनही. अथेन्सहून मेट्रोने आलेला प्रवासी रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या सात-आठ मजली बोटी पाहतो, हाताशी पाऊण तास आहे म्हणून निवांत कॉफी घेतो, आणि मग कोणाला तरी तिकीट दाखवल्यावर त्याला कळते की आपली बोट या धक्क्यावर नाहीच. ती बंदराच्या पार दुसऱ्या टोकाला लागलेली आहे. जुलैतल्या एका दुपारी आई-बाबांना घेऊन रोड्सला निघालो असताना आमच्यावर हीच वेळ आली होती. ज्या एजन्सीत तिकिटे काढली तिथल्या माणसाने "मेट्रोच्या समोरच" एवढेच सांगितले होते आणि आम्हीही तिकिटावरचा दरवाज्याचा क्रमांक नीट वाचला नव्हता. त्या उन्हात दोन मोठ्या बॅगा ओढत चालताना बाबांना मधूनमधून थांबावे लागत होते, आणि आम्ही बोटीच्या मागच्या उतरंडीवर पाय ठेवला तेव्हा सुटायला जेमतेम आठ मिनिटे उरली होती. हा प्रवास तसा मुळीच अवघड नाही. फक्त त्यातल्या ज्या दोन-तीन गोष्टींवर सगळे अवलंबून असते, त्या आधी कोणीतरी सांगाव्या लागतात.

बंदराची ओळख

पिरेयस हे स्वतंत्र शहर आहे, पण अथेन्सला इतके चिकटलेले की नवख्याला एक शहर कुठे संपते आणि दुसरे कुठे सुरू होते ते कळत नाही. इसवी सनपूर्व 493 च्या सुमारास थेमिस्टोक्लीझ या नेत्याने अथेन्सच्या आरमारासाठी ही जागा बांधून काढायला सुरुवात केली, त्याचे कारण आजही नकाशावर दिसते : एका छोट्या द्वीपकल्पाला तीन नैसर्गिक आसरे लाभलेले आहेत. त्यांपैकी पश्चिमेकडचे सर्वांत मोठे ते आजचे मुख्य बंदर. पूर्वेकडे झेआ आणि त्यापुढे मिक्रोलिमानो ही दोन लहान बंदरे आहेत, जिथे आता खासगी नौका उभ्या असतात आणि मासळीच्या खाणावळी आहेत. ही माहिती केवळ इतिहास म्हणून सांगत नाही. टॅक्सीचालकाला नुसते "पिरेयसचे बंदर" म्हटले तर ते पुरेसे होत नाही, त्याला दरवाज्याचा क्रमांकच सांगावा लागतो; आणि फोनवरच्या नकाशात नीट न पाहता खूण निवडली तर आपण झेआच्या काठी जाऊन पोहोचू शकतो.

मुख्य बंदर घोड्याच्या नालासारखे वळलेले आहे आणि त्याच्या काठाने ई 1 पासून पुढे क्रमांक दिलेले दरवाजे आहेत. भाऊच्या धक्क्यावर किंवा गेटवेला सवय झालेल्या आपल्या माणसाने इथे एक गोष्ट मनात पक्की करावी : इथे एक धक्का नाही, नालाच्या आकारात पसरलेली धक्क्यांची लांबलचक रांग आहे.

बेट कोणते आणि बोट कशी

पहिली पायरी म्हणजे बेटांचे गट समजून घेणे, कारण बोटींचे मार्ग गटांप्रमाणे चालतात. अथेन्सला सर्वांत जवळची ती सारोनिक आखातातली बेटे : एजिना, पोरोस, हायड्रा, स्पेत्सेस. त्यापुढे सिक्लाडीस, म्हणजे सिरोस, पारोस, नाक्सोस, मिकोनोस, सँटोरिनी, मिलोस वगैरे. तुर्कस्तानच्या किनाऱ्यालगत डोडेकनीज, ज्यात रोड्स, कोस आणि पॅटमॉस येतात. ईशान्येला खिओस, लेस्बोस, सामोस. आणि दक्षिणेला क्रीट, जे स्वतःच एवढे मोठे आहे की त्याला बेट म्हणताना अडखळायला होते. कॉर्फूला जायचे असेल तर पिरेयसला येऊच नये. ते आयोनियन समुद्रात, देशाच्या दुसऱ्या बाजूला आहे आणि तिथल्या बोटी इगुमेनित्सासारख्या पश्चिमेकडच्या बंदरांतून सुटतात.

सहलीची आखणी करताना एकाच मार्गावरची बेटे निवडावीत. पारोस, नाक्सोस आणि सँटोरिनी ही तिन्ही बेटे बहुधा एकाच बोटीच्या वाटेवर येतात, त्यामुळे एकाहून दुसऱ्यावर जाणे सोपे पडते. दोन वेगळ्या गटांतली बेटे जोडायला गेलो की अनेकदा परत पिरेयसलाच यावे लागते आणि सुट्टीतला एक पूर्ण दिवस त्यात जातो. सात दिवसांत पाच बेटे असे बेत मी ऐकले आहेत. माझ्या मते आठवड्याला दोन बेटे पुरेशी आहेत, आणि सोबत वडीलधारी मंडळी असतील तर तिसऱ्याचा विचारही करू नये.

बोटी मुख्यतः तीन प्रकारच्या. पहिली मोठी साधी बोट, जिच्या पोटात ट्रक आणि मोटारी जातात आणि वरच्या मजल्यांवर माणसे. मांडव्याला जाणारी रो-रो पाहिली असेल तर तिचेच कितीतरी पटींनी मोठे रूप डोळ्यांसमोर आणावे. हिचा वेग कमी, भाडेही कमी, उघड्या डेकवर वाटेल तितका वेळ उभे राहता येते, आणि लाटांत ती फारशी हलत नाही. दुसरी वेगवान बोट, बहुतेक वेळा दोन समांतर तळांची कॅटामरान, जिच्यात विमानासारखे आपापल्या जागी बसून राहायचे असते; बाहेर उभे राहायला जागा अगदी थोडी किंवा नाहीच. तिसरी फ्लाइंग डॉल्फिन, म्हणजे पाण्याखालच्या पंखांवर उचलली जाणारी छोटी पिवळी-निळी नौका. मूळची सोव्हिएत बनावटीची ही नौका आजही सारोनिक बेटांकडे धावते.

वेळेचा अंदाज असा धरावा : साध्या बोटीने एजिना सव्वा तास, फ्लाइंग डॉल्फिनने सुमारे 40 मिनिटे. सिरोस पावणेचार तास, पारोस सव्वाचार, नाक्सोस पाच ते साडेपाच आणि सँटोरिनी साडेसात-आठ तास. वेगवान बोट सँटोरिनीला पाच तासांच्या आसपास पोहोचवते, परंतु भाडे बरेचदा दीडपट ते दुप्पट घेते. क्रीटमधल्या हेराक्लिओनची बोट रात्री नऊच्या सुमारास सुटते आणि पहाटे सहाच्या आसपास लागते. रोड्सला मधल्या थांब्यांनुसार पंधरा ते अठरा तास लागतात.

या तिघांत कोणती निवडावी यावर माझे मत स्पष्ट आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याने, बोट लागण्याचा त्रास असणाऱ्याने आणि ज्याला समुद्र खरोखर पाहायचा आहे त्याने साधी मोठी बोटच घ्यावी. काचेमागे बसून वाचवलेले दोन तास आणि डेकच्या कठड्याला टेकून एकेक बेट मागे पडताना पाहणे, यांची तुलना होऊ शकत नाही. जमल्यास लांबचा प्रवास करण्याआधी एक दिवस एजिनाला जाऊन यावे. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते, अफाइया देवीचे प्राचीन मंदिर पाहून होते, बंदरावरच पिस्ते विकत मिळतात, आणि दरवाजे, रांग, चढणे-उतरणे या सगळ्याची ओळख कमी खर्चात होते.

तिकीट काढताना

तिकिटे बोट कंपन्यांच्या संकेतस्थळांवर, सगळ्या कंपन्यांची वेळापत्रके एकत्र दाखवणाऱ्या फेरीहॉपरसारख्या सेवांवर आणि बंदराभोवतीच्या एजन्सींमध्ये मिळतात. जुलै-ऑगस्टमध्ये, ग्रीक ईस्टरच्या आठवड्यात आणि 15 ऑगस्टच्या मरियमच्या सणाच्या आगेमागे रात्रीच्या बोटींच्या केबिन आणि वेगवान बोटींच्या जागा लवकर संपतात, म्हणून त्या काळासाठी कित्येक आठवडे आधी तिकीट काढावे. मे किंवा सप्टेंबरच्या मधल्या वारी साधी बोट असेल तर दोन-चार दिवस आधी काढलेले तिकीटही पुरते.

तिकीट नावावर असते आणि पासपोर्टवरचे नाव, आडनाव जसे आहे तसेच भरावे लागते. आपल्याकडे मधले नाव म्हणून वडिलांचे किंवा पतीचे नाव लागते, आणि पासपोर्टवर ते पहिल्या नावाच्या रकान्यात छापलेले असते. ते गाळून किंवा आडनावात मिसळून घोळ करू नये. पाच वर्षांखालच्या मुलांना साधारणपणे भाडे पडत नाही, पण त्यांच्या नावाचे तिकीट घ्यावेच लागते, कारण बोटीवर नेमकी किती माणसे आहेत याची नोंद कायद्याने ठेवावी लागते. हा देशांतर्गत प्रवास असल्याने चढताना व्हिसाची तपासणी होत नाही, तरीही पासपोर्ट जवळच ठेवावा. तिकिटाबरोबर तो मागितला जाऊ शकतो.

काही आरक्षणांत पैसे भरल्यावर लगेच चढण्याचा पास मिळत नाही. प्रवासाच्या आधी दोन दिवसांच्या आत संकेतस्थळावर चेक-इन करावे लागते आणि मग चौकोनी कोड असलेला पास फोनवर येतो. हा मेल वाचून बाजूला ठेवू नये. पास येताच त्याचे चित्र फोनमध्ये जतन करावे, म्हणजे धक्क्यावर नेटवर्क मिळाले नाही तरी अडत नाही.

जागांचे प्रकार साधे आहेत. सर्वांत स्वस्त तिकिटावर ठरलेली जागा नसते. डेकवर किंवा आतल्या दिवाणखान्यात मिळेल तिथे बसायचे. थोडे अधिक दिल्यास क्रमांकाची, मागे रेलणारी खुर्ची मिळते. रात्रीच्या प्रवासाला केबिन. चार बिछान्यांच्या केबिनमधला एकच बिछाना घेतला तर बायकांना बायकांबरोबर आणि पुरुषांना पुरुषांबरोबर जागा देतात, म्हणून जोडप्याने दोन वेगळे बिछाने न घेता दोघांची केबिन घ्यावी. क्रीट किंवा रोड्सला जाताना वडीलधाऱ्यांसाठी केबिनचा खर्च टाळू नये.

नावांच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. वेळापत्रकात आणि बोटीवरच्या फलकावर सँटोरिनी हे बहुतेक वेळा "थिरा" म्हणून लिहिलेले असते. हेराक्लिओन म्हणजे इराक्लिओ, रोड्स म्हणजे रोदोस, हायड्रा म्हणजे इद्रा, लेस्बोसची बोट तिथल्या शहराच्या, म्हणजे मितिलिनीच्या नावाने शोधावी लागते, आणि क्रीटमधल्या खानियाची बोट प्रत्यक्षात सूदा नावाच्या बंदराला लागते.

वारा, संप आणि एक मोकळा दिवस

हा भाग घाईने वाचू नये, कारण सहलीचा सर्वांत मोठा तोटा इथेच होतो.

एजियन समुद्रावर उन्हाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, उत्तरेकडून एक कोरडा, जोरदार वारा वाहतो. त्याला ग्रीक लोक मेल्तेमी म्हणतात. बाल्कन भागावरचा जास्त दाब आणि तुर्कस्तानवरचा कमी दाब यांच्या मधून तो वाहतो, आणि तुर्कस्तानवरचा तो कमी दाब म्हणजे आशियातल्या मान्सूनच्याच कमी दाबाच्या पट्ट्याचे पश्चिमेकडचे टोक. म्हणजे ज्या दिवसांत आपल्याकडे पाऊस कोसळत असतो आणि गेटवे ते मांडवा ही वाहतूक बंद ठेवलेली असते, त्याच दिवसांत त्याच मोठ्या चक्राचा एक धागा तिकडे सँटोरिनीच्या बोटी अडवत असतो. फरक इतकाच की आपल्याला काळे आभाळ दिसते आणि बोट का बंद आहे ते विचारावे लागत नाही. मेल्तेमीच्या दिवशी मात्र आकाश निळेशार, ऊन लखलखीत, आणि तरीही बोट धक्क्यालाच. पिरेयसच्या आत पाणी शांत असते, त्यामुळे रद्द झाल्याची बातमी प्रवाशाला खरीच वाटत नाही. बंदराच्या बाहेर, सिक्लाडीसच्या मोकळ्या समुद्रात काय चालले आहे ते धक्क्यावरून दिसत नाही.

वारा ठराविक मर्यादेपलीकडे गेला की तटरक्षक दल बोटी सोडण्यास मनाई करते. या मनाईला "अपागोरेफ्तिको" म्हणतात आणि हा शब्द ओळखीचा करून घ्यावा, कारण बातम्यांत आणि एजन्सीच्या खिडकीवर तोच दिसतो. वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या बोफर्ट मापावर 8, म्हणजे ताशी सुमारे 62 ते 74 किलोमीटर वारा, ही मोठ्या बोटींसाठी मनाई लागू होण्याची सर्वसाधारण पातळी. वेगवान बोटी आणि फ्लाइंग डॉल्फिन त्याआधीच थांबतात. साधी मोठी बोट घ्यावी असे मी वर म्हटले, त्याचे हेही एक कारण.

बोटी अडण्याचे दुसरे कारण संपाचे. ग्रीसमध्ये खलाशांच्या संघटना मजबूत आहेत आणि संपाच्या दिवशी पिरेयसमधून बोटी सुटत नाहीत. संप बहुधा काही दिवस आधी जाहीर होतो, त्यामुळे आदल्या दोन दिवसांत बातमी पाहिली तरी तारीख बदलून घेता येते. कामगार दिनाला, म्हणजे 1 मे रोजी, बोटीचा प्रवास ठेवूच नये.

या सगळ्याचा निष्कर्ष एकच. परतीचे विमान ज्या दिवशी असेल त्याच्या निदान आदल्या दिवशी अथेन्सला परत आलेले असावे. बेटावरून सकाळी निघून त्याच संध्याकाळी मुंबईचे विमान पकडण्याचा बेत कागदावर कितीही नीट बसला तरी तो करू नये. अथेन्सचे दोन दिवस सहलीच्या सुरुवातीला न ठेवता शेवटी ठेवले, की हा मोकळा दिवस वाया गेल्यासारखाही वाटत नाही.

बोट रद्द झालीच तर प्रवाशाचे हक्क काय आहेत? युरोपीय संघाचा 2010 सालचा 1177 क्रमांकाचा नियम सागरी प्रवाशांना लागू होतो. फेरी रद्द झाली किंवा सुटायला 90 मिनिटांहून अधिक उशीर होणार असेल, तर पुढच्या बोटीने प्रवास किंवा भाड्याचा परतावा यांपैकी एकाची निवड प्रवाशाने करायची असते. पोहोचायला उशीर झाल्यास भाड्याच्या किमान 25 टक्के भरपाई मिळते : चार तासांपर्यंतच्या प्रवासात एक तास उशीर, चार ते आठ तासांच्या प्रवासात दोन तास, आठ ते चोवीस तासांच्या प्रवासात तीन तास. उशीर याच्या दुपटीहून अधिक झाला तर भरपाई 50 टक्क्यांवर जाते. मात्र खराब हवामानामुळे झालेल्या उशिराला ही भरपाई लागू नाही. रद्द फेरीचा परतावा हवामान कोणतेही असले तरी मिळतो. परतावा मागताना एजन्सीच्या खिडकीवरच्या माणसाने पुढचे तिकीट पुढे केले म्हणून ते घ्यायलाच हवे असे नाही. निवड आपली आहे.

बंदरापर्यंत

अथेन्सच्या मध्यभागातून दोन मेट्रो पिरेयसला येतात. हिरवी, म्हणजे 1 क्रमांकाची मार्गिका ओमोनिया आणि मोनास्तिराकीहून सुमारे पंचवीस-तीस मिनिटांत पोहोचवते. अथेन्स आणि पिरेयस यांना जोडणारी मूळ रेल्वे 1869 साली सुरू झाली, आणि या मार्गिकेचा पाया तोच. निळी, म्हणजे 3 क्रमांकाची मार्गिका 2022 च्या ऑक्टोबरमध्ये पिरेयसपर्यंत वाढवली गेली आणि ती थेट विमानतळावरून येते, साधारण तासाभरात. विमानतळापर्यंत जाणाऱ्या गाड्या मात्र दर काही मिनिटांनी नसतात, अर्ध्या तासाहून थोड्या अधिक अंतराने असतात. दोन्ही मार्गिकांची पिरेयसमधली स्थानके एकमेकांना लागून आहेत.

मेट्रोत, विशेषतः हिरव्या मार्गिकेवर, सामानासह चढताना खिसेकापूंपासून सावध राहावे. दरवाज्याजवळची गर्दी, बॅग उचलण्याची धडपड आणि त्यात कोणीतरी मदतीला हात लावणे हा नेहमीचा प्रकार आहे. पासपोर्ट आणि पैसे अंगावर, कपड्यांच्या आत असावेत.

मेट्रो पहाटे साडेपाचच्या सुमारास सुरू होते. सिक्लाडीसच्या अनेक बोटी सकाळी सात ते साडेसातच्या दरम्यान सुटतात, त्यामुळे पहिली गाडी घेतली तर वेळ जुळते, पण हाताशी फार काही उरत नाही. रात्री-अपरात्री विमान उतरणाऱ्यांसाठी चोवीस तास चालणारी एक्स 96 ही बस विमानतळावरून थेट पिरेयसला येते; रहदारीनुसार एक ते दीड तास धरावा. सोबत लहान मुले किंवा आजी-आजोबा असतील आणि बोट सकाळची असेल, तर आदल्या रात्री पिरेयसमध्येच मुक्काम करावा.

दरवाजा शोधणे

मेट्रोतून बाहेर आल्यावर रस्ता ओलांडायला एक पादचारी पूल आहे, तो ई 6 दरवाज्याजवळ उतरतो. या ठिकाणाहून सगळ्या बंदराचे गणित मांडावे. ई 8, जिथून एजिना आणि इतर सारोनिक बेटांच्या बोटी सुटतात, तो डावीकडे थोड्या चालीवर आहे. सिक्लाडीसच्या बोटी बहुतेक वेळा ई 6, ई 7 आणि ई 9 या भागातून सुटतात, म्हणजे याही जवळच. क्रीटच्या आणि ईशान्येच्या बेटांच्या मोठ्या बोटी ई 2, ई 3 कडे, आणि रोड्स-कोसच्या ई 1 ला. ई 1 म्हणजे उजवीकडचे अगदी शेवटचे टोक. सामान घेऊन चालत गेल्यास वीस-पंचवीस मिनिटे, उन्हात अधिक.

वर दिलेले क्रमांक बोट बदलली की बदलतात, म्हणून ते फक्त दिशा कळण्यापुरते आहेत. खरा क्रमांक आपल्या तिकिटावर किंवा आदल्या दिवशी आलेल्या संदेशात पाहावा. दूरच्या दरवाज्यांकडे जाण्यासाठी बंदराच्या आवारातच मोफत बस चालते आणि ती मेट्रोसमोरच्या भागातून मिळते. आमचे पाय त्या दुपारी या बसच्या अज्ञानामुळे भाजले. बस येईपर्यंत आणि फिरून पोहोचेपर्यंतचा वेळ धरून, ई 1 ते ई 3 साठी सुटण्याच्या किमान दीड तास आधी मेट्रोतून बाहेर पडलेले असावे. जवळच्या दरवाज्यांसाठी एक तास पुरतो.

बोट धक्क्यावर दिसत नसेल तर घाबरू नये. ती बेटांहून उशिरा परत येत असते आणि दुसऱ्या फेरीला उशिरा निघते. मरीन ट्रॅफिकसारख्या सेवेवर बोटीचे नाव टाकले की ती नेमकी कुठे आहे ते नकाशावर दिसते, आणि धक्क्यावर तासभर उन्हात उभे राहण्याऐवजी सावलीत बसता येते.

चढणे आणि बोटीवरचे तास

बोटीची मागची लोखंडी उतरंड धक्क्यावर टेकते आणि मोटारी, ट्रक, दुचाकी, माणसे सगळी तिथूनच आत जातात. आत शिरताच डिझेलचा वास, पाट्यांवर आपटणाऱ्या चाकांचा आवाज आणि शिट्ट्या वाजवत गाड्या मागे-पुढे करवणारे खलाशी असा गलका असतो. मुलांचा हात धरावा आणि बाजूच्या रंगवलेल्या पट्ट्यावरूनच चालावे. तिकीट इथेच तपासतात.

लगेच भिंतीलगत सामान ठेवण्याच्या मांडण्या दिसतात, ज्यांवर बेटांच्या नावांच्या पाट्या असतात. आपली मोठी बॅग आपल्या बेटाच्या मांडणीवर ठेवावी. पारोसला उतरणाऱ्याची बॅग थिराच्या ढिगाखाली गेली तर उतरताना ती शोधायला वेळ मिळत नाही. पासपोर्ट, औषधे, पाणी आणि एक जाड कपडा मात्र वर घेऊन जावे, कारण दिवाणखान्यात वातानुकूलन कडक असते आणि डेकवर वारा. मोठ्या बोटींवर वर जायला सरकता जिना आणि लिफ्ट असते. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी खलाशाला लिफ्टबद्दल विचारावे, ते दाखवतात.

बोट लागण्याचा त्रास असेल तर गोळी बोट सुटण्याच्या निदान अर्धा-एक तास आधी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. कोणती गोळी चालेल ते रक्तदाब, मधुमेह किंवा इतर औषधे चालू असलेल्यांनी निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून घ्यावे. बसायला बोटीचा मध्यभाग आणि शक्यतो खालचा मजला निवडावा, कारण हेलकावे टोकाला आणि वर सर्वांत जास्त जाणवतात. फोनमध्ये पाहू नये, क्षितिजाकडे पाहावे. उपाशी बसू नये.

खाण्याचे म्हणाल तर शाकाहारी माणसाची अडचण होत नाही. पालक आणि चीज भरलेली स्पानाकोपिता, नुसत्या चीजची तिरोपिता, बटाट्याच्या काचऱ्या, सॅलड आणि कॉफी बहुतेक बोटींवर मिळते. स्वतःचा डबा नेण्यास काहीही हरकत नाही. दशम्या, चटणी, चिवडा असे कोरडे पदार्थ भारतातून आणणार असाल तर एक लक्षात ठेवावे : युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे, त्यामुळे दुधात भिजवलेल्या दशम्या, पेढे-बर्फी, तूप घरीच ठेवलेले बरे. पिठले-भाकरीची आठवण आलीच तर अथेन्सच्या बाजारातून घेतलेले ब्रेड, ऑलिव्ह आणि टोमॅटो डेकवर बसून खाण्यात वेगळे सुख आहे.

बसल्यावर एकदा उठून जीवरक्षक जाकिटे कुठे आहेत आणि डेकवर जमण्याची जागा कोणती ते पाहून यावे. 26 सप्टेंबर 2000 च्या रात्री पिरेयसहून निघालेली एक्स्प्रेस सामिना ही बोट पारोसजवळच्या खडकांवर आदळून बुडाली आणि 80 हून अधिक माणसे गेली. आज प्रवास त्या काळापेक्षा बराच सुरक्षित आहे, पण अंधारात जिना कुठे आहे हे माहीत असण्याला दोनच मिनिटे लागतात आणि ती दोन मिनिटे मी प्रत्येक बोटीवर देते.

उतरणे आणि परतणे

मधल्या बेटांवर बोट पाच-दहा मिनिटांहून अधिक थांबत नाही. ध्वनिक्षेपकावर आधी ग्रीकमध्ये आणि मग इंग्रजीत बेटाचे नाव पुकारतात. ते ऐकताच सामान आवरून खाली गाड्यांच्या मजल्यावर जावे. बोट वळून मागच्या बाजूने धक्क्याकडे सरकत असते, तेव्हा सगळे प्रवासी उतरंडीच्या आत अंधारात दाटीवाटीने उभे असतात. मग साखळ्या कुरकुरतात, उतरंड खाली जाते आणि उजेडाची एक पट्टी हळूहळू रुंद होत समोर बेट उघडते. नाक्सोसला हा क्षण डेकवरून पाहण्यासारखा आहे, कारण बंदराच्या तोंडाशीच अपोलोच्या अपुऱ्या राहिलेल्या मंदिराची संगमरवरी चौकट उभी दिसते. तो पाहून मग चटकन खाली यावे. सँटोरिनीला बोट आथिनिओसच्या अरुंद धक्क्याला लागते, वर उंच कडा आणि खाली बसगाड्यांची झुंबड, म्हणून तिथे राहण्याच्या जागेकडून आधीच गाडी सांगून ठेवलेली बरी. हायड्रावर मोटारी नाहीतच. सामान खेचरांवर किंवा हातगाडीवर जाते.

अथेन्समध्ये मोटार भाड्याने घेऊन ती बोटीत चढवण्याचा बेत असेल, तर भाडेकराराची अट आधी वाचावी. अनेक कंपन्या लेखी परवानगीशिवाय गाडी बोटीवर नेऊ देत नाहीत आणि विमा त्या वेळेपुरता लागू राहत नाही. बेटावर पोहोचून तिथेच गाडी घेणे बहुतेक वेळा स्वस्तही पडते.

परतीच्या बोटी बऱ्याचदा संध्याकाळी किंवा रात्री उशिरा पिरेयसला लागतात. बोट किती वाजता लागणार हे पाहून शेवटची मेट्रो मिळेल का ते आदल्या दिवशीच पाहून ठेवावे. नाही मिळणार असे दिसले तर विमानतळाकडे जायला एक्स 96 आहे, आणि शहरात जायला टॅक्सी. टॅक्सी बोटीच्या तोंडाशी उभ्या असणाऱ्यांकडून न घेता दरवाज्याबाहेर येऊन, मीटर चालू करायला सांगूनच घ्यावी. आणि बाहेर पडण्याआधी आपण कोणत्या दरवाज्याला उतरलो आहोत ते भिंतीवरच्या क्रमांकावरून वाचावे, कारण गेलो होतो त्याच धक्क्याला परत येऊ असे नसते.